करवतीच्या किनारीवर कुणाचं नाव?

बुटांच्या आणि जॅकेटांच्या बाजारात गेल्या काही वर्षांत एक रीत चांगलीच रुजली आहे. खेळाचे कपडे करणारी एखादी जुनीजाणती कंपनी आणि रस्त्यावरच्या फॅशनमधलं एखादं तरुण लेबल एकत्र येतं, दोघांच्या नावांमध्ये एक फुली छापली जाते, मोजके नग बाजारात सोडले जातात आणि ते हातोहात संपतात. तरुण मंडळी याला ‘कोलॅब’ म्हणतात. 2025 मध्ये नायकीने नॉरब्लॅक नॉरव्हाइट या दिल्लीच्या लेबलबरोबर अशी कपड्यांची आणि बुटांची मालिका आणली. भारतीय लेबलबरोबरचा त्या कंपनीचा हा पहिलाच उपक्रम. नक्षी बांधणीवरून सुचलेली आणि जाहिरातीत जेमिमा रॉड्रिग्ज, शेफाली वर्मा यांच्यासारख्या खेळाडू. आज बांधणी आली, उद्या करवत येऊ शकते. भंडारा जिल्ह्यात मोहाडी, आंधळगाव, पवनी इथल्या हातमागांवर कोशाच्या साडीला जी दातेरी किनार विणली जाते, ती डिझायनरच्या डोळ्यात भरावी अशीच आहे: सरळ, ठसठशीत, त्रिकोणांची, लांबूनही ओळखू येणारी. अशी विचारणा अजून जिल्ह्यात आलेली नाही, आणि नेमकी म्हणूनच ही बोलायची वेळ आहे. कोलॅब हा कापडाचा सौदा नसतो, तो नावांचा सौदा असतो. भंडाऱ्याकडे कापड पहिल्या प्रतीचं आहे, पण सौद्याच्या बैठकीत मांडता येईल असं नाव नाही. ते आधी उभं राहिलं नाही, तर करवतीची किनार जगभर फिरेल आणि विणकर जिथल्या तिथे राहील, असं माझं म्हणणं आहे.

नावांचा सौदा हे शब्द कुणाला जास्त वाटतील, म्हणून थोडा इतिहास पाहू. आदिदास ही जर्मनीतली 1949 ची कंपनी. आदि दासलर यांनी ती धावपटू आणि फुटबॉलपटूंसाठी काढली. त्यांचा सख्खा भाऊ रुडॉल्फ याने त्याच गावात आदल्या वर्षी प्यूमा काढली होती. आदिदासचे बूट मैदानावरून रस्त्यावर आणले ते कंपनीच्या विक्री विभागाने नव्हे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या रन-डीएमसी या रॅप गटाने नाडीविना आदिदास घालून तो पेहराव लोकप्रिय केला, 1986 मध्ये त्या बुटांवर गाणंच केलं आणि मग कंपनीने त्यांच्याशी दहा लाख डॉलरच्या घरातला करार केला. बूट तेच, कातडं तेच. विकलं गेलं ते रस्त्याने त्या बुटाला दिलेलं नाव. पुढे सगळा धंदाच या हिशेबावर उभा राहिला. सुप्रीम हे न्यूयॉर्कमधलं 1994 चं स्केटबोर्डवाल्यांचं दुकान. त्याने नॉर्थ फेसपासून लुई व्हितॉंपर्यंत सगळ्यांबरोबर मालिका काढल्या आणि 2020 मध्ये व्हीएफ कॉर्पोरेशनने ते 2.1 अब्ज डॉलरला विकत घेतलं. चार वर्षांनी तेच 1.5 अब्जाला विकावं लागलं, हा भाग निराळा. नावाचा भाव चढतो तसा उतरतोही. पण एका टी-शर्टावरच्या लाल चौकोनाला अब्जावधी डॉलर मोजले गेले, यातच या बाजाराचं वर्म आहे. मालाची किंमत सूत, रंग आणि मजुरीवर ठरत नाही. ती कुणाचं नाव कुणाच्या शेजारी छापलंय यावर ठरते.

आणि या बाजारात नाव असणाऱ्याला एक न्याय आहे, नसणाऱ्याला दुसरा. हार्लेममधला डॅपर डॅन हा शिंपी ऐंशीच्या दशकात बड्या युरोपीय फॅशनघरांची चिन्हं वापरून स्वतःची जॅकेटं शिवत असे. कंपन्यांनी कज्जे लावले, छापे घातले आणि 1992 मध्ये त्याचं दुकान बंद झालं. पंचवीस वर्षांनी, 2017 मध्ये, गुचीच्या शोमध्ये त्याच्याच एका जुन्या जॅकेटाशी हुबेहूब जुळणारं जॅकेट आलं, तेव्हा कंपनीने त्याला आदरांजली म्हटलं. गदारोळ झाल्यावर गुचीने त्याच्याबरोबर रीतसर भागीदारी केली. शिंप्याने घेतलं तर चोरी, घराण्याने घेतलं तर आदरांजली. हार्लेमच्या शिंप्याच्या पाठीशी निदान न्यूयॉर्कचा बोलका समाज तरी होता. आंधळगावच्या मागावर बसलेल्या माणसाच्या पाठीशी तेवढंही नाही.

आता करवत म्हणजे काय ते नीट पाहू, कारण सगळी मेख तिच्या विणीत आहे. कोसा हे रानातलं रेशीम. तुतीच्या पाल्यावर घरात वाढवलेल्या किड्यांचं ते नव्हे. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर सोडलेल्या किड्यांच्या कोशांतून ते मिळतं. पूर्व विदर्भात हे काम मुख्यतः ढिवर समाज करतो. पाखरं, मुंग्या, अवकाळी पाऊस यांच्यापासून किडे राखत जंगलात मुक्काम करायचा, तेव्हा कोश हाती येतात. त्यातून निघणारं सूत एकसारखं नसतं, कुठे जाड कुठे बारीक, आणि त्याला स्वतःचा मधासारखा पिवळसर तपकिरी रंग असतो. तो रंग आणि तो किंचित खडबडीतपणा हेच या कापडाचं वैभव. साडीचं अंग या कोशाचं आणि काठ रंगीत सुताचा. अंग आणि काठ जिथे भेटतात तिथे करवतीचे दाते उमटतात. मात्र ते छापलेले नसतात, वरून भरलेले नसतात, ओवून लावलेलेही नसतात. विणकर तीन धोटे चालवतो, एक अंगाचा आणि दोन दोन्ही काठांचे. प्रत्येक ओळीला काठाचा बाणा अंगाच्या बाण्यात अडकवून परत फिरवावा लागतो. एका ओळीत अडकवायला चुकलं तर दाता मोडतो. त्यामुळे वेग येत नाही, शेजारी मदतीला माणूस लागतो आणि ज्याच्या घरी हे पिढीजात नाही त्याला ते शिकायला वर्षं लागतात. यंत्रमागावर दातेरी किनारीची नक्कल जमते, पण ती उलटी करून पाहिली की कळते. अडचण अशी, की बूट किंवा जॅकेट कुणी उलटं करून पाहत नाही.

म्हणजे करवतीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक वीण आणि एक रेघ. वीण घ्यायची तर मोहाडीला यावं लागतं. रेघ घ्यायची तर संगणक पुरे. खेळाच्या कपड्यांच्या कंपनीला घामात धुतलं जाणारं, ताणलं जाणारं कापड हवं असतं. ते पॉलिस्टरचं असतं आणि त्यावर कुठलीही रेघ छापता येते. म्हणून कोलॅब आलीच तर ती विणीसाठी येण्यापेक्षा रेघेसाठी येण्याची शक्यता जास्त. आणि रेघेचं रक्षण करायला आपला कायदा तोकडा पडतो. विदर्भाच्या करवतकाठी साड्यांना आणि कापडाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ही मोलाची गोष्ट आहे. पण 1999 चा हा कायदा मुख्यतः नावाचं रक्षण करतो. दुसऱ्या कुणी आपल्या कापडाला करवतकाठी म्हणून विकलं तर त्याला अडवता येईल. ‘त्रिकोणी बॉर्डर’ म्हणून तीच नक्षी छापली, तर या कायद्याने त्याचं फारसं काही बिघडत नाही. शिवाय हे मानांकन भारतापुरतं. मिलानमध्ये किंवा पोर्टलंडमध्ये ते आपोआप लागू होत नाही.

कोल्हापुरी चपलांच्या बाबतीत हे आपण नुकतंच पाहिलं. जून 2025 मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्याच चपला ‘लेदर सँडल’ म्हणून दाखवल्या, आणि कोल्हापूरचा उल्लेखही नव्हता. समाजमाध्यमांवर संताप उसळला, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिलं, कंपनीने मूळ भारतीय परंपरेचं असल्याचं मान्य केलं. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही दाखल झाली, पण ती टिकली नाही. मानांकनाचे नोंदणीकृत मालक वेगळे आहेत, दाद मागायची तर त्यांनी मागावी, असा न्यायालयाचा रोख होता. ते मालक म्हणजे महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकाचं तसंच महामंडळ. पुढे डिसेंबर 2025 मध्ये याच दोन महामंडळांबरोबर प्राडाचा करार झाला: सुमारे 2,000 जोड, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारागिरांनी केलेले, प्रत्येकी 800 युरोच्या आसपास किमतीचे. या कराराची खोड काढायला जागा आहे. 800 युरोंतले कारागिराला किती, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण करार झाला तो संतापामुळेच झाला, असं मानणं भाबडेपणाचं ठरेल. संतापाने दार वाजवलं. दाराच्या आत सही करायला कायद्याने मान्य असलेली एक संस्था बसलेली होती, म्हणून पुढचं घडलं.

हेच बाहेरच्या जगातही दिसतं. 2019 मध्ये नायकीने प्वेर्तो रिकोच्या नावाने एक बूट जाहीर केला. त्यावरची नक्षी पनामाच्या गुना लोकांच्या मोला कापडाची होती. गुनांनी आक्षेप घेतला आणि कंपनीने बूट मागे घेतला. ऑगस्ट 2025 मध्ये आदिदासने डिझायनर विली चावारिया याच्याबरोबर एक चप्पलवजा बूट आणला, जो मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यातल्या यालालाग गावाच्या वाराचे या विणीच्या चपलांवरून उचललेला होता. तिथलं राज्य सरकार आणि थेट राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय बोललं, आणि कंपनीच्या प्रतिनिधींना त्या डोंगरातल्या गावात जाऊन लोकांसमोर माफी वाचून दाखवावी लागली. या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. पनामात 2000 सालापासून आणि मेक्सिकोत 2022 पासून समुदायाच्या नक्षीवर समुदायाचा हक्क मानणारे कायदे आहेत. आपल्याकडे तसा कायदा नाही. विणकरांनी केवळ नावावर नव्हे, तर नक्षीवरही सामूहिक हक्क मागावा, आणि विदर्भातल्या खासदारांनी ती मागणी लावून धरावी, असं मला वाटतं. पण कायदा होईपर्यंत हातात जे आहे त्यावरच चाललं पाहिजे.

हातात जे आहे ते कसं वापरायचं याचा सगळ्यात बोलका दाखला स्कॉटलंडच्या हॅरिस बेटावरचा आहे, आणि योगायोगाने तो खेळाच्या बुटांचाच आहे. हॅरिस ट्वीड हे लोकरीचं कापड. 1993 मध्ये ब्रिटिश संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. लोकर त्याच बेटांवर रंगवलेली आणि कातलेली हवी, कापड बेटावरच्या माणसाने स्वतःच्या घरी हाताने विणलेलं हवं, अखेरचा हातही तिथेच फिरलेला हवा; तरच त्यावर गोलाचा शिक्का बसतो. 2004 मध्ये नायकीला आपल्या एका जुन्या बास्केटबॉल बुटावर हे कापड लावावंसं वाटलं. मागणी गेली डोनाल्ड जॉन मॅके या एका विणकराकडे, आणि ती पुढे जवळपास दहा हजार मीटरवर पोचली. एका मागाच्या आवाक्यातलं ते काम नव्हतं. गिरणी आणि बेटावरचे इतर विणकर त्यात आले. नायकीला ट्वीडसारखं दिसणारं कापड कुठेही स्वस्तात मिळालं असतं. पण बुटावर हॅरिस ट्वीड हे शब्द छापायचे तर बेटावर यावंच लागत होतं. कायद्याने रेघेला आणि विणीला एकत्र बांधून ठेवलं होतं, आणि करवतीच्या बाबतीत तीच गाठ सुटी आहे. मात्र या गोष्टीचा पुढचा भाग सहसा कुणी सांगत नाही. त्या मागणीने बेटाची भरभराट कायमची झाली नाही. काही वर्षांतच मोठी गिरणी एका उद्योजकाने घेतली, हजारो नमुन्यांची जागा फक्त चार नमुन्यांनी घेतली आणि विणकरांवर बेकारी आली. धंदा सावरला तो दुसरी, बंद पडलेली गिरणी 2007 मध्ये नव्या दमाने सुरू झाल्यावर आणि नाना गिऱ्हाइकं जोडल्यावर. बड्या कंपनीची एक मागणी म्हणजे एक हंगाम बरा जातो, इतकंच.

यावर पहिला आक्षेप येईल तो पोटाचा. देशाच्या चौथ्या हातमाग गणनेत दोनतृतीयांश विणकर कुटुंबांचं मासिक उत्पन्न पाच हजार रुपयांच्या आत आढळलं. पोरं माग सोडून नागपुरात कामाला जातात, अशा वेळी गिऱ्हाईक दारात आलं तर त्याला अटी सांगत बसायचं का? आक्षेप खरा आहे, पण त्याचा निष्कर्ष उलटा निघतो. पाच हजारांचं उत्पन्न गिऱ्हाईक नसल्यामुळे नाही. गिऱ्हाईक आणि विणकर यांच्यामध्ये सूत देणारा, मजुरी ठरवणारा आणि साडी उचलणारा माणूस एकच असतो, म्हणून आहे. त्याच साखळीतून नायकीचं किंवा प्यूमाचं काम आलं, तर साखळीतल्या वरच्या कड्या जाड होतील आणि मागावरची मजुरी तीच राहील. अटी म्हणजे चैन नव्हे. मीटरमागे किती, पैसे किती दिवसांत आणि मागणी रद्द झाली तर आधीच घेतलेल्या सुताचं काय, एवढंच त्यात विचारायचं आहे.

दुसरा आक्षेप कंपन्यांच्या बाजूने येतो, आणि तो व्यवहारी आहे: हातमागाला त्यांच्या मापाचा पुरवठा जमणार नाही. लाखो जोडांचा धंदा असता तर हे मान्य करावं लागलं असतं. पण कोलॅबचा धंदाच मुळी टंचाईवर चालतो. दोन हजार नग हा तिथे तोटा नसतो, ती जाहिरात असते. बुटाच्या टाचेला, जॅकेटच्या बाहीला, पिशवीच्या पट्ट्याला लागतं ते कापड मीटरांत मोजायचं असतं, मैलांत नव्हे. इथे मानांकनातला एक तपशील उपयोगी पडतो. ते केवळ साड्यांना नाही, कापडालाही आहे. साडीचा बाजार सणावारावर आणि लग्नसराईवर चालतो. मीटरवर विकलं जाणारं कापड बारा महिने विकता येतं. मोहाडीच्या मागावर केवळ करवतीच्या पट्ट्या विणून ठेवल्या, तरी त्याला गिऱ्हाईक मिळू शकतं.

तिसरा आक्षेप मनाला भिडणारा आहे. कोसा हे सोवळ्याचं कापड. पूजेला, लग्नाला नेसतात ते. ते पायात आणायचं का? मला हा आक्षेप हसण्यावारी न्यावासा वाटत नाही. ज्या घरात कोशाचं धोतर देवघराशेजारी घडी घालून ठेवलं जातं, त्या घराला बुटावरची करवत खुपेल, आणि त्यात गैर काही नाही. फक्त हा निर्णय कुणी घ्यायचा? मुंबईतल्या डिझायनरने नाही, समाजमाध्यमांवर तावातावाने लिहिणाऱ्यांनी नाही आणि स्तंभलेखकाने तर अजिबात नाही. करारात विणकरांच्या संस्थेला नकाराचा हक्क असला, तर बूट नको, जॅकेट चालेल, असं तीच सांगेल. गुना लोकांचा राग मोला बुटावर आल्यापेक्षा न विचारता आल्याचा होता.

आणि जो आक्षेप मला सगळ्यात कमी पटतो तो म्हणजे ‘निदान आपली कला जगासमोर तरी आली’. जगासमोर येण्याचं भाडं विणकराने का भरावं? येवल्याच्या पैठणीला गाव चिकटलं आहे. दुकानात गेलेलं गिऱ्हाईक येवला म्हणतं. करवतीला भंडारा तसा चिकटलेला नाही. पुण्या-मुंबईच्या दुकानात ती टसर म्हणून, अनेकदा कुठल्या राज्याची हेही न सांगता विकली जाते. निनावी माल कितीही मोठ्या नावाशेजारी ठेवला तरी निनावीच राहतो.

मग करायचं काय, तर फार भव्य काही नाही. मानांकनाच्या कायद्यात अधिकृत वापरकर्ता म्हणून विणकराची स्वतःची नोंद होते. अर्जाचं शुल्क 2020 च्या दुरुस्तीनंतर नाममात्र झालं आहे, तरी अर्ज कुणी भरून द्यावा हा प्रश्न गावोगाव तसाच राहतो. हे काम जिल्हा प्रशासनाने एका हंगामात उरकण्यासारखं आहे. राज्याच्या 2023-28 च्या वस्त्रोद्योग धोरणात पैठणी, हिमरू, घोंगडी आणि खण यांच्याबरोबर करवतकाठीचा समावेश झाला आणि विणकरांना उत्सव भत्ताही जाहीर झाला. भत्ता हवाच, पण त्याने सणाचा दिवस सरतो, सौद्यातली बाजू भक्कम होत नाही. हातमाग महामंडळ नागपुरात, रेशीम संचालनालय नागपुरात, केंद्राचं विणकर सेवा केंद्रही नागपुरात; भंडाऱ्यापासून साठ-सत्तर किलोमीटरवर इतकी कार्यालयं असताना करवतीच्या वतीने सही करणारी एक खिडकी नसावी, याचं कारण पैसा नाही. चर्मोद्योग महामंडळाने प्राडासमोर जी जागा घेतली ती घेण्याची जबाबदारी इथे कुणाचीच नाही, हे आहे.

त्या खिडकीने नमुना करारही आत्ताच लिहून ठेवावा. कापड घेतलं तर दर मीटरचा, आगाऊ रकमेसह. नुसती रेघ घेतली, तर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नगामागे ठरलेला वाटा, आणि तो वाटा एका व्यक्तीच्या खात्यात न जाता विणकरांच्या आणि कोसा उत्पादकांच्या सामाईक निधीत. लेबलवर दोन्ही कंपन्यांच्या नावांच्या बरोबरीने आणि त्याच आकाराच्या अक्षरांत तिसरं नाव. कायदा रेघेचा वाटा मागू देत नाही असं कंपनीचे वकील म्हणतील आणि ते बरोबर असेल. पण ओआहाकाच्या अनुभवानंतर कुठलीही कंपनी माफी वाचण्यापेक्षा वाटा देणं स्वस्त समजेल. हा कागद तयार असला, तर उद्या बेंगळुरूच्या किंवा बर्लिनच्या एखाद्या लेबलचा फोन आल्यावर किती मीटर, किती दिवसांत, कुठल्या भावाने आणि कुणाच्या सहीने, याचं उत्तर देणारा माणूस मोहाडीतच सापडेल आणि दलालाचा नंबर शोधत बसावं लागणार नाही.